तुले की तुला

आमच्या वलगावची पोरगी मोठी गायिका झाली, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. तिची माय आणि मी एकाच गल्लीत सुना म्हणून आलो, एकाच वावरात कापूस वेचला. हे लेकरू तेव्हा बाभळीला बांधलेल्या लुगड्याच्या झोळीत निजायचं. माय वेचता वेचता म्हणायची,

तुले पाहाले थांबला चांद बाभयीवर.

भर उन्हात कुठला चांद, म्हणून आम्ही बाया हसायचो. ती वरून सुनावायची, "माह्या पोरीले दिसते, तुमाले काय करा लागते?"

पोरीनं पुढं तेच गाणं म्हटलं आणि ते गाजलं. पण कोणीतरी शब्दांना धुऊन इस्त्री केली. 'तुला पाहाया थांबला चंद्र बाभळीवर' झालं. चाल तीच, आणि गळा तर असा, की ऐकताना माझी पोळी तव्यावर करपते. पण माय रुसली ती रुसलीच.

"ते तुला कोनाले म्हणते वं?" मला विचारायची. "मी तर तिले तुले म्हटलं होतं."

पोरीचा फोन आला की सुनेच्या हातात द्यायचा आणि आपण भाजी निवडत बसायचं. अकोल्याला, जठारपेठेत लेकाकडे राहते ती. अमरावतीला पोरीचा कार्यक्रम ठरला, तेव्हा गुडघ्याचं निमित्त काढून घरीच बसली.

मी गेले. परतवाड्याहून माणसं जीपा भरभरून आलेली. पोरीनं चपला खाली काढल्या, मंचाला हात लावला आणि अनवाणीच वर चढली. इतके दिवे, इतके बाजे, पण पहिला सूर लावला आणि सगळं मैदान गप. मोठ्यानं न गाता एवढ्या माणसांना धरून ठेवायचं, ही काय सोपी गोष्ट आहे? मग ते गाणं आलं. तिनं 'तुला पाहाया' म्हटलं आणि इकडून मैदान गरजलं, "तुले पाहाले!" कोणी ठरवलं नव्हतं हो. आमच्याकडं तोंडातून निघतं तेच. तिचा आवाज आमच्यात बुडाला. ती थांबली, तोंडावर हात ठेवून हसली आणि माईक आमच्याकडं धरला. मग म्हणाली, "चुकलं माहं. पहिल्यापासून म्हणते." आणि 'तुले'नं सुरुवात केली.

त्या कार्यक्रमाचा सिनेमा निघाला तेव्हा मी अकोल्याची बस धरली. कार्यक्रमात काय झालं ते मात्र मायला सांगितलं नाही. इस्त्रीवाले हात सिनेमातही असतील, तेवढंच कापून टाकतील. उगाच आस लावायची आणि पडद्यावर नसलं तर? तिला म्हटलं, "मले पाहाचा आहे, सोबतीले चाल."

"तुले एकटीले अंधाराचा भेव वाटते का?" म्हणाली, पण नवं पातळ नेसली.

थेटरात मांडीवर पिशवी घट्ट धरून बसली, जशी बसच्या थांब्यावर बसावी. पडद्यावर पोरगी आली तशी कुरकुरली, "केवढी वायली वं! कोनी जेवाले देते का नाही?" पण पुढं एक गाणं झालं, दुसरं झालं, आणि तिची बोटं पिशवीवर ठेका धरू लागली. मी तिरप्या डोळ्यानं पाहिलं.

मग ते गाणं आलं. 'तुला पाहाया...'

ठेका थांबला. माय उठली. "चाल, झालं माहं."

मी तिचा पदर धरला. "बस ना वं, जराशी."

"काहून बसू? आयकलं ना मी."

एवढ्यात पडद्यातून मैदान गरजलं, आणि थेटरातली माणसंही त्यात मिसळली. नेमकं तेव्हाच पडदाभर एका म्हातारीचं उघडं तोंड आलं. ती मीच होते! माय उभ्या उभ्या म्हणाली, "अवं माय, तुहे दात पाह्य केवढे!" मागून कोणी ओरडलं, "आजी, खाली बसा!" ती बसली. पडद्यावर पोरगी म्हणाली, "चुकलं माहं," आणि गाऊ लागली. कापलं नव्हतं. एक शब्दही कापला नव्हता.

मला वाटलं, आता ही रडेल. मी पदर तयार ठेवला. ती गाल चोळत पडद्याकडं पाहत राहिली आणि एकदम मोठ्यानं बोलली, "बाभळीवर नाही वं, बाभयीवर!"

आजूबाजूची माणसं हसली. तिला फिकीर नव्हती.

बाहेर आलो तर उसाच्या रसाची गाडी होती. मी रस सांगितला, तोवर हिनं पिशवीतून फोन काढून माझ्यापुढं धरला. "लावून दे तिले." मी लावून दिला. पलीकडून पोरीचा आवाज आला, "माय? तू?"

"जेवली का?" हिनं विचारलं. पलीकडून नुसते हुंदके. मग ही म्हणाली, "बरं, रडू नको. आयक. 'तुले' बरोबर झालं. आता 'बाभयी' म्हण."

आणि तिथंच, रसाचा गिलास हातात घेऊन, आपल्या फाटक्या गळ्यानं तिला पूर्ण ओळ म्हणून दाखवली. पलीकडून पोरीनं तशीच परत म्हटली. दुसऱ्यांदा म्हटली तेव्हा बरोबर आली.