बानाबाईनं घातलेलं लोढणं

"मेंढरू हरवलं तर माग लागतो, माणूस घरात बसल्या जागी हरवतं." हे बानाबाईचं ठरलेलं बोलणं. दुसऱ्याच्या लेकरांविषयी बोलायची तेव्हा ती हे ठासून म्हणायची. स्वतःच्या लेकाविषयी म्हणायची पाळी आली, तेव्हा तिचा आवाज खाली गेला.

निजामाचा अंमल होता. सिल्लोडच्या अलीकडं माळावर धनगरांची चार पालं पडलेली असत, त्यातलं एक बानाबाईचं. बाई उंच, हाडापेरानं मजबूत. कळपातलं प्रत्येक मेंढरू ती तोंडावरून ओळखायची. नवरा त्रिंबक सरळ, कमी बोलणारा. पहिली लेकरं जगली नाहीत, म्हणून शेवटच्याचं नाव कडूबा ठेवलं. कडू जिनसाला काळ तोंड लावत नाही, अशी समजूत. कडूबा जगला, वाढला, मिसरूड फुटलं, आणि आईला उलटून बोलायला लागला.

उलट बोलण्याचं तिला काही वाटलं नव्हतं. तरण्या एडक्याला शिंगं आली की तो खांबाला धडका देणारच. तिला भ्या वाटलं ते त्याच्या झोपेचं.

दिवाळी सरली होती. भरदुपारी ती भाकरी घेऊन रानात गेली, तर मेंढरं बन्सी पाटलाच्या ज्वारीत शिरलेली. बन्सी बांधावर उभा होता. त्यानं बाभळीखाली बोट दाखवलं.

"ज्वारीचं मागून बघू. आधी तुझं पोरगं मेलंय का जितं हाय ते बघ."

कडूबा बाभळीखाली पसरला होता. बानाबाई त्याच्यापाशी बसली आणि आजारी मेंढराची बघावी तशी तिनं अंगठ्यानं त्याची पापणी वर केली. सावलीत डोळ्याची बाहुली मोठी व्हायला पाहिजे. त्याची बाभळीच्या काट्याच्या टोकाएवढी झाली होती.

असा डोळा तिनं पूर्वी पाहिला होता. याचाच, झोळीतला. लोकर कातरायच्या दिवसांत बायका तान्ह्यांना तिळाएवढी अफू दुधात उगाळून चाटवायच्या. लेकरू झोपलं की हात कामाला मोकळे. सगळ्याच चाटवायच्या. तिनंही चाटवली होती.

कडूबानं तिचा हात झटकला.

"काय खाल्लंस?"

"भाकर."

"भाकर खाल्लेल्याचा डोळा असा नसतो."

"मग डोळ्यालाच इचार."

दुसऱ्या दिवशी कळप अजिंठ्याचा घाट उतरून खानदेशात जायला निघणार होता. दरसाल जायचा. यंदा कळप दोन करायचे आणि अर्धा कडूबाच्या हाती द्यायचा, असं त्रिंबकानं भावकीत बोलून ठेवलेलं. घाटात लांडगे. डुलकी लागलेल्या माणसामागं अर्धा कळप म्हणजे लांडग्याला जेवणाचं आवतण, आणि मेंढरांआधी पोरगंच जायचं.

"अवं, त्याच्या हातात काठी देऊ नका," ती नवऱ्याला म्हणाली.

"वय हाय. सुटंल."

"घाटातला लांडगा वय बघत नाय."

त्रिंबक हातातली दोरी वळत राहिला.

सकाळी चारी पालांची माणसं कळप हलवायच्या तयारीला लागली होती. बानाबाईनं सगळ्यांदेखत लेकाला सांगितलं, "तुला कळप नाय. बापामागं चालायचं, अन् अफू सोडायची."

कडूबा हसला. "सोडीन की. पण पैल्यांदा चाटवली कुणी, माय? आजी सांगत व्हती मला. चव तू लावलीस, अन् चोर मी व्हय?"

दोनचार बायांनी पदर तोंडाला लावले. बानाबाईच्या कानशिलात आग उठली. भटक्या जनावरानं पळू नये म्हणून त्याच्या गळ्यात अडकवतात ते बाभळीचं जड लोढणं पालाशेजारी पडलं होतं. तिनं ते उचललं आणि लेकाच्या गळ्यात घातलं.

"भटक्याला हेच औषध."

तिला वाटलं, हा रडेल, नाहीतर लाकूड फेकून देईल. दोन्हीतून काही वाट निघाली असती. कडूबानं दोर मानेवर नीट बसवला, ताठ झाला, आणि लाकूड गुडघ्यांवर आपटत सिल्लोडच्या वाटेला लागला. जन्मभर जनावरं राखलेल्या बाईची ही चूक. लोढण्यानं जनावराचा पाय अडतो. माणसाला ते मिरवता येतं.

"आता?" त्रिंबकानं विचारलं.

"तुमी मेंढरं काढा. घाटाच्या तोंडाशी थांबा," ती म्हणाली आणि लेकाच्या मागं निघाली.

सिल्लोडच्या पेठेत मोहियोद्दीन लोकरीचा व्यापारी. बानाबाईची लोकर वर्षानुवर्षं तोच घ्यायचा. तिला पाहून तो दुकानाबाहेर आला.

"बानाबाई, बुरा मत मानो. तुमचा कडूबा गेला आत्ता इथून. गले में लकडी, अन् ऐट अशी की जैसा नौशा निघालाय वरातीला. सारी पेठ हसली."

"माझ्यावर हसली म्हणा."

मोहियोद्दीन खाली बघू लागला. "ठेक्याच्या दुकानामागं बसलाय. तिथं औरतजात जात नाही. मी आणतो त्याला."

"तुमी आणलं तर तुमच्यासंगं येईल. मला तो माझ्यासंगं पायजे."

अफूचं दुकान परवान्याचं, उजेडातलं. मागच्या पडवीत खाणारे पडलेले असत. बानाबाई पडवीत शिरली तेव्हा एकजण कोपरावर उठला.

"धनगरीण, मेंढरू हुडकाया आली का?"

"दावं आणलंय का बघा तिनं," कडूबा भिंतीला टेकून म्हणाला. लोढणं अजून त्याच्या गळ्यात होतं. मान लाल झाली होती.

बानाबाई त्याच्या शेजारी भुईवर बसली. दोराची गाठ दोन्ही हातांनी सोडली. दोर रुतला होता तिथं अंगठा फिरवला. कडूबानं मान मागं घेतली, पण उठला नाही.

"हे घातलं ते चुकलं," ती म्हणाली. "अन् अफू मीच चाटवली, ते बी खरं. मला माझी लोकर कातरायची व्हती."

कोपरावर उठलेला परत आडवा झाला.

"आता मतलबाचं ऐक. तुजा बाप मेंढरं घेऊन निघाला. घाटात एक माणूस पुरत नाय. अफू सोडलीस की अंग मोडंल, नाकातनं पाणी वाहंल, मला शिव्या देशील. दे. मी हाय. पण खाऊन आलास तर मेंढराला हात लावू द्यायची नाय."

"अन् नाय आलो तर?"

"तर मी अन् तुजा बाप जाऊ. येताना याच पडवीत बघीन, हायेस का."

"वढून नेणार नाय?"

"नाय."

कडूबा तिच्याकडं बघत राहिला. तिनं ओढावं, त्यानं हिसडा द्यावा, हे त्याला येत होतं. याला काय करावं ते त्याला ठाऊक नव्हतं.

बानाबाई उठली. लोढणं काखेत मारून मोहियोद्दीनच्या दुकानाशी आली आणि ते पायरीवर टाकलं.

"चुलीत घाला. वाळलेलं हाय, चांगलं जळंल."

मग ती घाटाच्या वाटेला लागली. कळपापुढं चालणाऱ्यानं मागं वळून पाहायचं नसतं. वळलं की मेंढरं जागीच थांबतात. तिनं वळून पाहिलं नाही. वेशीशी पदर खोचला आणि लांब टांगा टाकत चालू लागली. मोहियोद्दीन हातातला तराजू तसाच धरून बघत होता. त्याच्या पलीकडं, पडवीतून रस्त्यावर आलेला कडूबा उन्हात डोळे बारीक करून उभा होता, आणि आई लहान लहान होत जाताना बघत होता.