साखळीतला हात
शाळेतल्या दिवसांतली २६ जानेवारी, मुलुंडच्या मैदानावर कबड्डीचा अंतिम सामना. हजर आमच्या संघाच्या आम्ही सात जणी आणि सर. आज केमिस्टकडे डांबरासारख्या मलमाचा वास आला आणि तो दिवस आठवला. कोपऱ्यात खेळणाऱ्या मैत्रिणीच्या मनगटावर त्याच मलमाखाली लाल, खपल्या धरलेला चट्टा होता. “सोरायसिस आहे गं, कुणाला लागत नाही. बिनधास्त धर,” ती म्हणाली होती आणि मी मान हलवली होती. समोरच्यांची शेवटची चढाई आली तेव्हा आम्ही एका गुणाने पुढे होतो. साखळी करताना मी तिच्या मनगटाऐवजी जर्सीचं टोक चिमटीत धरलं. चढाईवाली आम्हा दोघींना शिवून, आमच्याच मधून निसटली आणि आम्ही हरलो. “हात कुणी सोडला?” सरांनी विचारलं. “मी, सर. घाम होता,” ती माझ्याकडे न बघता म्हणाली आणि तिने मनगट पाठीमागे नेलं. “वाट लावलीस ना यार,” बाकीच्या तिलाच बोलल्या. मी गुडघ्यांवरची माती झाडत राहिले. तिचा नंबर मी केव्हाच मिळवून ठेवलाय. आज बँक, गॅस, केमिस्ट, सगळी कामं दुपारपर्यंत उरकली. तो फोन तेवढा अजून लावलेला नाही.