ट्रक आम्हीच भरला

माझी आत्या दप्तरं शिवायची. अख्खं दप्तर नाही, फक्त पट्टे. पण सांगायची अशा ऐटीत, की वाटावं जगातल्या सगळ्या शाळा हिच्याच शिलाईवर लटकल्यात. कारखान्यात तिचं नाव फौजदार. टेबलावर दोऱ्याचा तुकडा दिसला, की समोरच्याची धडगत नसे. आणि तिच्या मशीनला हात लावायची तर कुणाची टाप नव्हती.

"एवढी निगा माझी राखली असतीस तर..." आतोबा म्हणायचे.

"तुम्हाला कितीही तेल घातलं तरी कुरकुर थांबायची नाही!"

मग पगार थांबले. 'पुढच्या आठवड्यात, नक्की' करत महिने गेले. आतोबा रक्तदाबाची गोळी अर्धी मोडून घ्यायला लागले आणि 'आता बरं वाटतंय' म्हणून वर थापही मारायला लागले.

अशात मालकानं सगळ्यांना गोळा केलं. नवी, मोठी जागा मिळाली आहे. सुट्टीच्या दिवशी मशीनं हलवायची. तिकडे काम सुरू झालं, की थकलेलं सगळं एकरकमी.

"हमाल कशाला? आपलं घर आपणच हलवायचं," मालक म्हणाला.

चेन शिवणारी चेनवाली फटकळच. "पगार नाही, वर हमाली?"

मालकाआधी आत्याच कडाडली, "मशीन राहिलं तर पगार राहील. उचला गं!"

आणि बायकांनी उचललं. आत्यानं घरच्या जुन्या चादरी आणून एकेक मशीन गुंडाळलं. ट्रकवाल्याला दम भरला, "वळणावर जपून. पोरं बसल्येत असं समज."

दुसऱ्या दिवशी सगळ्या नव्या पत्त्यावर गेल्या. तिथे केस कापायचं दुकान होतं. न्हावी हातातला वस्तरा तसाच धरून बघत राहिला. "बाई, इथे माझ्या दोन खुर्च्या मावत नाहीत. तुमची मशीनं कुठे मावणार?"

तशाच मागे फिरल्या, तर जुन्या कारखान्याच्या फाटकाला नवं कोरं कुलूप. मालकाचा फोन बंद. आत्यानं कुलूप ओढून पाहिलं. पुन्हा ओढलं. मग तिथेच पायरीवर मटकन बसली.

"आता गप का फौजदार?" चेनवाली म्हणाली. "उचला म्हणाली होतीस ना?"

आत्या घरी आली ती भिंतीकडे तोंड करून झोपली. मीच तिला ओढत कामगार कचेरीत नेलं. बाकीच्याही आल्या होत्या, पण तिच्या शेजारी कुणी बसेना.

अधिकारी बाई शांतपणे सांगत होत्या, "कुलूप लावलं म्हणून पगार बुडत नाही. बंद करायचं तर आधी कळवावं लागतं. थकलेला पगार द्यावा लागतो, वर भरपाई. पण तुमच्या मालकानं लेखी कळवलंय, कारखाना केव्हाच बंद पडलाय. आत ना मशीनं होती, ना माणसं. मशीनं बाहेर जाताना कुणी पाहिली?"

चेनवाली दबक्या आवाजात फिसकारली, "बोलू नका गं. चोरीचा आळ आपल्यावरच येईल."

आत्यानं दाराकडे पाहिलं. मला वाटलं, ही उठून जाणार. उठली खरी.

"मी पाहिली. पाहिली काय, मीच बांधली. मीच भरायला लावली. आदल्या दिवसापर्यंत त्यांवर कामही केलंय."

"विनापगार? का?"

आत्यानं पदर बोटाला गुंडाळला. इतकी वर्षं ती कोपऱ्यात, दिव्याच्या उजेडात बसून शिवायची. डोळे चुरचुरायचे, पण तक्रार कधी ऐकली नव्हती.

"मालक म्हणाला, नव्या जागेत तुझं मशीन खिडकीशी लावीन. कुणाला सांगू नकोस, बाकीच्या रुसतील."

चेनवालीची मान गर्रकन वळली. "खिडकीशी? तुला?"

"हो."

"अगं, मला म्हणाला होता! कुणाला सांगू नकोस म्हणाला!"

मागून कुणीतरी म्हणालं, "मलापण." मग आणखी एक. मग कडेला बसलेली म्हातारी, जी कधीच काही बोलत नसे. बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. कुणाला हसू फुटलं, ते मध्येच विरलं.

"मेल्यानं किती खिडक्या वाटल्या," चेनवाली पुटपुटली आणि उठून आत्याच्या बाजूला उभी राहिली. "बाई, माझंही लिहून घ्या. ट्रक आम्हीच भरला."