हवापेटीतले तेल

बर्फावर पडलेला तेलाचा डाग आधी पिवळा दिसतो, मग तपकिरी होतो, आणि त्यावरून पावले गेली की आत उतरून बसतो. फावड्याने वरचा थर काढला तरी खाली तो असतोच. कुवेतमध्ये राहून मला ही माहिती असावी याचे माझे मलाच हसू येते. पण ज्या बंदिस्त बर्फघरात मी देखभालीचे काम पाहतो, तिथे बाहेर कितीही ऊन असले तरी आत मुले घसरगाड्या घेऊन खेळत असतात, आणि त्यांच्यासाठी तो बर्फ रोज सकाळी सपाट करावा लागतो. त्यासाठी आमच्याकडे एक स्नोमोबाइल आहे. पुढे दोन पट्ट्या, मागे रबरी पट्टा, आणि त्याच्यामागे ओढायचा लोखंडी फणा. दारे उघडण्यापूर्वी, पंखे पूर्ण जोरात लावून, ती फिरवून घ्यायची, अशी पद्धत आहे.

ती फिरवणारा आणि तिची निगा राखणारा फिटर एकच होता, वेंगुर्ल्याकडचा. वयाने माझ्याहून बराच लहान. पूर्वी मासेमारीच्या लाँचवर इंजिन सांभाळायचा; इथे खैतानमध्ये गावाकडच्या मंडळींबरोबर एका खोलीत राहतो. आम्ही दोघेच मराठी, म्हणून मी त्याला पहिल्या दिवसापासून ‘तू’ म्हणत आलो आणि तो मला ‘साहेबांनू’.

जुनी स्नोमोबाइल मोडीत निघाली आणि तिच्या जागी दुसरी आली, तीही वापरलेलीच. जुन्या गाडीत तेल पेट्रोलबरोबर जळून जायचे, त्यामुळे तेलाची पातळी बघण्याचा प्रश्न नव्हता. नव्या गाडीला मोटारीसारखी तेलाची मोजपट्टी होती. माझी उमेदीची वर्षे वाळवंटातल्या जनरेटरवर गेली. तिथला नियम असा, की पहाटे, इंजिन थंड असताना, तेल बघायचे आणि खुणेपर्यंत भरल्याशिवाय चावीला हात लावायचा नाही. तोच नियम मी फिटरला सांगितला. त्याला तो नवा नव्हता. लाँचवरही तसेच करतात, असे तो म्हणाला. आम्ही दोघेही एकमेकांवर खूश झालो.

मग डाग पडू लागले. सुरुवातीला थेंबभर, नंतर बशीएवढे. एका आईने आपल्या लेकीचा पांढरा हातमोजा आणून आमच्या मॅनेजरच्या टेबलावर ठेवला. त्याच्या तळव्यावर काळपट ओघळ होता. मॅनेजर इजिप्तचा, मोठ्या आवाजाचा पण मनाने वाईट नव्हे. त्याने मला बोलावून एवढेच सांगितले की गळती कुठून आहे ते शोध, आणि कोणामुळे आहे तेही.

गळती शोधण्याची रीत साधी असते. तेल जिथे ठिबकते तिथून ते निघालेले नसते. ते वरून येते, चालत्या गाडीच्या वाऱ्याने मागे सरकते आणि एखाद्या निरपराध नळीच्या टोकाला लोंबते. म्हणून आधी सगळे धुऊन, हवेच्या झोताने वाळवून कोरडे करायचे, सांध्यांवर अंगाला लावायची पावडर शिंपडायची, गाडी फिरवायची आणि ओल्या जागांपैकी सर्वांत वरची कोणती ते पाहायचे. आम्ही तसे केले. खालचा स्क्रू पांढरा. तेलगाळणीचा सांधा पांढरा. वरचे झाकण पांढरे. पावडरीतून एकच तपकिरी रेघ उतरली होती आणि ती येत होती हवेच्या गाळणीच्या पेटीखालून. पेटी उघडली, तर आतला स्पंज तेलाने जड झालेला.

मी फिटरकडे पाहिले. तो स्पंज पिळत म्हणाला, “ह्येच्यात त्याल येताच कसा?”

हाच प्रश्न माझ्याही मनात होता. फक्त माझ्या प्रश्नात तोही होता. हवा जिथून आत जाते तिथे तेलाचे काय काम? झिजलेला सांधा फार तर बाहेर गळेल, हवापेटीत कसा चढेल? मला एकच उत्तर सुचले: कोणीतरी ओतले. आणि कोणीतरी म्हणजे कोण, हे शोधायला लांब जावे लागत नव्हते. त्याने शिमग्याला गावी जाण्यासाठी रजा मागितली होती. स्नोमोबाइल चालवणारा दुसरा कोणी नाही म्हणून मीच ती नाकारली होती. गाडीच बंद पडली, तर रजा अडवायला कारण उरत नव्हते.

संशयाची एक विलक्षण सोय असते. तो आला की आधीच्या सगळ्या साध्या गोष्टी आपणहून त्याच्या बाजूने साक्ष देऊ लागतात. फिटर माझ्याआधी कामावर येतो हे मला पूर्वी आवडे, आता खुपू लागले. तो काम करताना गुणगुणतो, त्यात मला बेफिकिरी दिसू लागली. त्याच्याशी बोलताना मी नकळत ‘तुम्ही’वर आलो. ते त्याला माझ्याआधी कळले.

“साहेबांनू, माझा काय चुकला काय?” त्याने हसत विचारले. “कालपासून तुमी माका अहो-जाहो करतास. लगीन ठरलासा वाटता माझा.”

मी काहीतरी पुटपुटून विषय बदलला. त्याच दिवशी मॅनेजरने विचारले तेव्हा, खाली पाहत, अगदी हळू आवाजात मी म्हणालो की हा यंत्राचा दोष दिसत नाही, माणसाचा हात दिसतो. नाव मी घेतले नाही. नाव न घेण्यात सभ्यता आहे असे तेव्हा मला वाटले होते. गाडीला हात लावणारे आम्ही दोघेच होतो. त्या महिन्यात फिटरचा अकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, नव्याने करायचा होता. मॅनेजरने फोन उचलून मंदूबाला, म्हणजे सरकारी कचेऱ्यांतली आमची कामे करणाऱ्या माणसाला, तो अर्ज थांबवायला सांगितले.

घरी, अबू हलीफाला, मी हे बायकोला सांगितले. ती जाब्रियातल्या एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत काम करते. तिने भाजी चिरता चिरता सगळे ऐकून घेतले.

“अहो, पण त्याला विचारलंत का?”

“विचारल्यावर तो सावध होईल.”

“म्हणजे ठरलंच आहे तुमचं,” ती म्हणाली. “आमच्याकडे रिपोर्ट विचित्र आला की नमुना पुन्हा घेतात. पेशंटला लबाड म्हणत नाहीत.”

मी नमुना पुन्हा घ्यायचे ठरवले. पण खरे सांगायचे तर पुरावा हवा म्हणून. दुसऱ्या सकाळी मी लवकर जाऊन यंत्रखोलीच्या काचेमागे उभा राहिलो. फिटर आला. त्याने मोजपट्टी काढली, बाहीला पुसली, पुन्हा आत घालून काढली, दिव्याकडे धरून पाहिली आणि डब्यातून तेल टाकीत ओतले. हवापेटीकडे तो वळलासुद्धा नाही. तरीही मी हार मानली नाही. त्याने खरेच किती ओतले हे पाहावे म्हणून, तो बर्फ सपाट करून परतताच मी गरम इंजिनाची मोजपट्टी स्वतः काढली. तेल वरच्या खुणेच्या बोटभर वर होते.

ते पाहून मला आनंद झाला, ही गोष्ट मी अजून विसरू शकलेलो नाही. त्याच्यादेखत मी जास्तीचे तेल काढून खुणेवर आणले, हवापेटी पुसून कोरडी केली, गाडीच्या झाकणाला माझे कुलूप लावले आणि किल्ली खिशात टाकली. फिटरने कुलपाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि हात पुसले.

सकाळी कुलूप जसेच्या तसे होते. झाकण उघडून मी मोजपट्टी काढली. ती जवळजवळ कोरडी होती.

गाडीखाली मी कोरा पुठ्ठा पसरला होता, त्यावर एकही थेंब नव्हता. हवापेटी कोरडी. तेल कोणी चोरले नव्हते, ते गळले नव्हते आणि तरीही ते नव्हते. थोडा वेळ मी किल्लीचाच विचार करत बसलो. तशी दुसरी किल्ली असेल का, असेही मनात येऊन गेले. मग आता संशय घ्यायला माझ्याखेरीज कोणी उरले नाही तेव्हा कुठे मी इंजिनाकडे इंजिन म्हणून पाहिले. तेलाच्या टाकीपासून निघालेल्या नळ्यांवरून बोट फिरवत गेलो. या गाडीत तेल इंजिनाच्या तळाशी राहत नाही, त्याची टाकी वेगळी, बाजूला आणि वरच्या अंगाला आहे. इंजिन थांबले की टाकीतले तेल रात्रभरात हळूहळू खाली इंजिनाच्या पोटात उतरते. टाकीवरची पातळी त्यामुळे कमी दिसते. इंजिन चालून गरम झाले की पंप ते पुन्हा वर आणतो. मी एक थेंबही न ओतता गाडी सुरू केली, चांगली गरम होऊ दिली आणि पट्टी पाहिली. तेल खुणेवर होते.

म्हणजे आम्ही रोज सकाळी, जे कमी झालेलेच नव्हते, ते भरत होतो. जादा तेलाला जागा न उरल्याने ते वाफ सोडणाऱ्या नळीतून हवापेटीत जात होते आणि तिथून मुलांच्या बर्फावर. हात माणसाचाच होता, हे खरे. पण तो माझ्या हुकमाने चालला होता.

मी मॅनेजरला गाठले आणि सगळे सांगितले. त्याने मान तिरकी करून ऐकले व विचारले, की परवा मी खरे बोललो होतो की आज बोलतो आहे. मी म्हणालो, परवा मला खरे माहीत नव्हते. तो म्हणाला, मग परवा गप्प बसायचे होतेस. अकाम्याचे तो नाही म्हणाला नाही, पण फोनही उचलला नाही. मंदूबाला मीच जाऊन सांगावे, असे म्हणाला. त्या दिवशी मी एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत त्या माणसाच्या मागे फिरलो. शेवटी तो एका चहाच्या टपरीपाशी सापडला. त्याने अर्ज बाजूला काढून ठेवला होता, पण परत पाठवला नव्हता. तो पुन्हा पुढे गेला. मुदत संपायच्या आत अकामा झाला.

मला वाटले होते, फिटरला यातले काही कळणार नाही. मंदूबाने त्याच आठवड्यात त्याला सर्व सांगून टाकले. त्याच्या दृष्टीने तो एक मजेदार किस्सा होता. मी फिटरपाशी गेलो. हात जोडावेत असे मनात होते, पण धीर झाला नाही, नुसता उभा राहिलो. तो फण्याचे बोल्ट आवळत होता. वर न पाहता म्हणाला, “संशय इलो तर माका इचारूचा होता. मी खय जातलंय?”

मी म्हणालो, “चुकलो मी.”

“माका ठावक आसा,” तो म्हणाला आणि बोल्ट आवळत राहिला.

त्याला रजा मिळाली; तेवढे दिवस गाडी मी फिरवली. शिमगा करून तो परत आला, आंब्याची साठे, म्हणजे रस वाळवून केलेल्या पोळ्या, घेऊन आला, त्यातली काही मलाही दिली. बर्फावर आता डाग नाहीत. फक्त एक पद्धत त्याने आपणहून सुरू केली आहे. बर्फ सपाट करून आला की गाडी गरम असतानाच तो यंत्रखोलीच्या काचेवर टकटक करतो. मी जाड कोट चढवून बाहेर येतो. तो मोजपट्टी काढतो, पुसतो, पुन्हा घालून काढतो आणि माझ्या डोळ्यांसमोर आडवी धरतो. याची गरज नाही, माझा तुझ्यावर पूर्ण विश्वास आहे, असे मी त्याला अनेकदा सांगून पाहिले.

“असांदे,” तो म्हणतो. “तुमी बघलास की बरा.”

मग मी खुणेकडे पाहून मान डोलावतो. मी मान डोलावेपर्यंत तो पट्टी आत घालत नाही.