अर्ज, स्वतःच्या हस्ताक्षरात

दुसऱ्यांचं भलं करायला तीन शहाणी माणसं एका टेबलाशी बसली, की भलं व्हायचं तेव्हा होतं. किस्से मात्र पहिल्या मीटिंगपासून साठायला लागतात. रायपूरच्या आमच्या मराठी मंडळाच्या मदत समितीत मी शिरले, तेव्हा वाटलं होतं, चहा, चिवडा, सह्या, झालं! आता एवढे किस्से जमलेत, की मीटिंगचं काम बाजूला राहतं.

समिती तिघांची. अध्यक्ष भाऊसाहेब, रेल्वेतून रिटायर झालेले गार्ड. कुसुमताई, ज्यांना कुठलाही अर्ज वाचून दाखवला की रडू येतं. आणि शाळेतून रिटायर झालेली मी, म्हणून सगळ्यांची 'मॅडम'. पोरांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी धडपडणाऱ्यांना दरवर्षी मंडळाच्या निधीतून मदत द्यायची, हे आमचं काम.

*

भाऊसाहेबांनी नोकरी सोडली, शिट्टी सोडली नाही. अर्जदाराने पाच मिनिटं बोलायचं. सहावं मिनिट लागलं की शिट्टी! राज्य नवं, रायपूर नवी राजधानी, त्यामुळे जो तो मोठमोठ्या योजना घेऊन यायचा आणि शिट्टी ऐकून परत जायचा.

एकदा वाचनालय चालवणारा एक तरुण चार मिनिटांतच बोलून उठला. भाऊसाहेब गरजले, "बसा! बिफोर टाइम आहे. अजून सिग्नल नाही भेटला!"

बिचारा उरलेलं एक मिनिट हात जोडून बसून राहिला. वाचनालयाला मदत मिळाली, कारण भाऊसाहेबांच्या मते माणूस शिस्तीचा होता.

*

कुसुमताईंना आम्ही एकदा सदर बाजारामागच्या एका कुटुंब सल्ला केंद्राची पाहणी करायला पाठवलं. न सांगता जायचं, गुपचूप बघायचं, असं ठरलं होतं. ताई गुपचूप रांगेत बसल्या. नंबर लागला. समोरच्या दीदीने विचारलं, "बताइए माताजी, क्या तकलीफ है?"

आता असं प्रेमाने त्यांना आजवर कोणी विचारलंच नव्हतं! ताईंनी लग्नापासून सुरुवात केली आणि दीड तासाने डोळे पुसत बाहेर आल्या.

पुढच्या मीटिंगमध्ये रिपोर्ट दिला, "केंद्र फारच चांगलं आहे. पुढच्या बुधवारी यांना सोबत घेऊन यायला सांगितलंय."

आणि खरंच, 'हे' गेले! आता सकाळचा चहा तेच करतात. इतक्या लवकर परिणाम दाखवणाऱ्या उपक्रमाला नाही कोण म्हणणार?

*

आता माझी चोरी सांगते. मंडळाचा जुना नियम होता, अर्ज मराठीत हवा आणि अर्जदाराच्या स्वतःच्या हस्ताक्षरात हवा. नियम केला तेव्हा मागणारेही मराठीच असायचे. आता येणारे सगळे छत्तीसगढी नाहीतर हिंदी बोलणारे. ते आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, विचारत विचारत माझ्या घरी यायचे. "मैडम, थोड़ा लिख दो ना!" मी लिहून द्यायची. मग समितीत बसून तेच अर्ज गंभीरपणे वाचायची!

भाऊसाहेब एकदा अर्जांचा गठ्ठा उचलून कौतुकाने म्हणाले, "पाहा मॅडम, या पोट्ट्यांचं अक्षर पाहा! सगळ्यांचं एकसारखं सुंदर! काहून म्हणतात लोकं की आजकालची पिढी बिघडली?"

मी चिवड्यातले शेंगदाणे वेचत बसले.

*

फक्त सुनीता दीदीने माझ्याकडून अर्ज लिहून घेतला नाही. अभनपूरकडच्या एका गावात ती मुलींना धावायला शिकवायची. तिचाही एक नियम होता. मुलीला तिच्याकडे घालायचं तर आईने, बापाने किंवा आजोबाने दोन ओळींचा अर्ज स्वतः लिहायचा, तोही छत्तीसगढीत. लिहिता येत नसेल तर ती आधी त्यांना शिकवायची! शिवाय रविवारी मुली धावणार आणि बाप चुलीपाशी उभे राहून त्यांच्यासाठी चीला करणार, म्हणजे तांदळाच्या पिठाची धिरडी.

तिचा हिंदीतला अर्ज दोनदा परत गेला. मी म्हटलं, "दे, मी लिहिते."

"नहीं मैडम. गाँव वालों से खुद लिखवाती हूँ, और अपना आपसे लिखवाऊँ?"

तिच्याकडे वेळ नव्हता. मुलींना बूट नव्हते, गावातून सरावाच्या रस्त्यापर्यंत न्यायला गाडी नव्हती. सगळ्यात जोरात धावणाऱ्या पुष्पाच्या बापाने तर सांगून टाकलं होतं, यंदा मदत नाही आली तर बस झालं धावणं, पोरीचं लग्न लावतो.

मग सुनीता दोन महिने माझ्याकडे येऊन मराठी शिकली; कधी सोबत पुष्पा असायची, मी वहीत कित्ते काढून द्यायची ते बघत. खाडाखोड करत, जीभ दातांत धरून, तिने पानभर अर्ज लिहिला. मी एका अक्षरालाही हात लावला नाही.

*

मीटिंगमध्ये भाऊसाहेबांनी तो अर्ज चष्म्याजवळ नेला, लांब धरला, आणि टेबलावर आपटला.

"हा अर्ज बोगस आहे!"

"काहून?" कुसुमताई रडायच्याच बेतात होत्या.

"अक्षर पाहा ना! बाकी कोणाच्याच अर्जाशी जुळून नाही राहिलं!"

गप्प बसले असते तर माझी अब्रू वाचली असती आणि पुष्पाचं लग्न लागलं असतं. मी उभी राहिले आणि म्हटलं, "भाऊसाहेब, हा एकच अर्ज खरा आहे. बाकी सगळे मी लिहिलेत. आजवरचे सगळे."

भाऊसाहेबांनी शिट्टी तोंडाजवळ नेली आणि तशीच खाली ठेवली. मग म्हणाले, "रविवारी गाडी काढा. मले त्या पोट्ट्या पाहायच्या आहेत."

*

राजधानीसाठी वसवत असलेल्या 'नवा रायपूर'चे रस्ते तेव्हा एवढे रुंद आणि एवढे रिकामे, की सकाळी तिथे मुलीच धावायच्या. सुनीताने एका टेम्पोवाल्याच्या हातापाया पडून सगळ्यांना आणलं होतं. कडेला तीन चुली आणि चुलींपाशी बाप लोक. पुष्पाच्या बापाचा पहिला चीला तव्यालाच चिकटला होता.

सुनीताने टाळी वाजवून मुलींना सोडलं. अर्ध्या पळाल्या, अर्ध्या उभ्याच. भाऊसाहेबांना ते पाहवेना. "अरे, अशी सुटते काय गाडी? वापस बोलवा सगळ्यांले!" मुली परत रांगेत आल्या, आणि भाऊसाहेबांनी छाती फुगवून शिट्टी मारली!

पुष्पा अनवाणी निघाली आणि पुढेच गेली. तिचा बाप हातात उलथनं घेऊन रस्त्याच्या कडेने तिच्यासोबत धावत सुटला. "मोर नोनी! देखव, मोर नोनी!" माझी पोर, बघा, माझी पोर! मागे चीला जळाला, कोणालाच पर्वा नव्हती. कुसुमताई रडत होत्या, या वेळी मीसुद्धा रडले.

धापा टाकत तो परत आला तेव्हा भाऊसाहेबांनी विचारलं, "लग्नाचं काय म्हणत होते तुम्ही?"

"कइसन बिहाव, साहब? पहिली जूता लाबो." लग्न कसलं, आधी बूट आणू!

भाऊसाहेबांनी तिथेच, गाडीच्या बॉनेटवर, अर्ज मंजूर केला. गळ्यातली शिट्टी काढून त्यांनी पुष्पाच्या गळ्यात घातली. पुढच्या मीटिंगमध्ये मराठीचा नियमही त्यांनीच रद्द केला. मला फक्त एवढंच म्हणाले, "अक्षर चांगलं आहे तुमचं."

*

दोन वर्षांनी भाऊसाहेब माझ्या दारात. "मॅडम, थोडं लिहून द्या ना. नातीले धावायचं आहे. सारी जिंदगी रायपुरात गेली, पण छत्तीसगढीत कधी लिहिलं मी?" जुनी सवय, मी दिलं लिहून!

रविवारी मीही त्यांच्यासोबत गेले. आता तिथे रांग असते. टेबलाशी अर्ज घ्यायला पुष्पा होती, पायात बूट, गळ्यात ती शिट्टी. तिचा बाप मागे सराईतपणे चीला उलटत होता. भाऊसाहेबांनी अर्ज पुढे केला. पुष्पाने तो वाचला, मग माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"दादाजी, ये तो मैडम का अक्षर है।"

भाऊसाहेब काही बोलणार, तेवढ्यात तिने शिट्टी मारली आणि एक कोरा कागद त्यांच्यापुढे सरकवला.