भाऊजींचा हात

भिंतींना कान असतील नसतील, पण भिंतींची नाडी बघणारा माणूस साऱ्या वर्धा जिल्ह्यात एकच आहे, आणि तो माझ्या ताईचा नवरा आहे. भाऊजी कोणाच्याही घरी गेले की चपला काढतात आणि यजमानाला रामराम करायच्या आधी भिंतीला हात लावतात. पुतण्यासाठी सिंदीला मुलगी बघायला गेलो, तेव्हा आम्ही सारे पोह्यांच्या बशा धरून मुलीकडे बघत होतो आणि हे कोपऱ्यात भिंतीवर तळहात टेकवून, डोळे मिटून उभे! मुलीच्या बापाला वाटलं, पाव्हण्यांना चक्कर आली. तो पाणी आणायला धावला. भाऊजी म्हणाले, "पोरगी लाखात एक हाये बाप्पा, पण तुमच्या न्हाणीचं पाणी भित्तीत मुरून राह्यलं." लग्न जमलं, आणि मांडव घालायच्या आधी न्हाणीची मोरी दुसरीकडे निघाली.

ही विद्या जिनिंगमधली. आमच्या गावात कापसाचं जिनिंग होतं तेव्हा भाऊजी फाटकावर असत. गाडीतल्या कापसात कोपरापर्यंत हात खुपसायचा आणि ओल किती ते सांगायचं, एवढंच काम. पाणी शिंपडून वजन वाढवणारे भलेभले त्यांच्यापुढे चळाचळा कापत. पुढे जिनिंग बंद पडलं, यंत्रं भंगारात गेली, कामगारांच्या विटांच्या चाळी तेवढ्या उरल्या. त्यातच आम्ही राहतो. त्या भिंतींना कंबरेपर्यंत ओल, पांढरा खारट लोणा, रंगाचे पोपडे. लोकांनी वरून सिमेंट थापलं, तर ओल आणखी वर चढली. "भिजल्या माणसाले रेनकोट घालून काय होते रे?" म्हणत भाऊजींनी आधी स्वतःच्या घरचं सिमेंट खरवडून काढलं. पायाशी साचणारं पाणी नालीनं दूर न्यायचं, भिंत उघडी वाळू द्यायची, मग चुन्याचा गिलावा. आणि त्यांनी हात लावून "कोरडी!" म्हटल्याशिवाय आमच्या चाळीत कोणी चुनासुद्धा भिजवत नाही.

मागच्या हिवाळ्यात माझी पाळी आली. लेक बाळंतपणाला यायची होती आणि तिची खोली अजून ओली, मी अगदी घायकुतीला आलो होतो. भाऊजी आले, सोबत ताई. भाऊजींनी हात टेकवला. ताई खोकली. भाऊजी म्हणाले, "वल हाये. पंधरा दिवस थांब." पंधरा दिवसांनी पुन्हा तेच: हात, खोकला, "थांब." या वेळी मात्र मी पाहिलं, भाऊजी चपला काढेपर्यंत ताई हळूच भिंतीला हात लावून मोकळी झाली होती.

मी तिला स्वयंपाकघरात गाठलं. "साखरेच्या बिमारीनं ह्यांच्या हाताले काईच समजत नाई रे," ती कुजबुजली. "चहा किती गरम हाये, तेबी नाई. पण हात गेला हे गावाले समजलं, त हा माणूस घरात बसून जाईन. तू बोलजो नको कोणाले."

निघताना ताई आत पिशवी शोधत होती, तेवढ्यात भाऊजींनी मला अंगणात धरलं. "सांगतलं ना तिनं तुले?" मी त्यांच्या चपला पुढे केल्या. "तीन वर्सं झाले, वल असली का खोकून राह्यली बिचारी. मले मालूम हाये, हे तिले सांगजो नको."

"काऊन?"

"अरे, तिले समजलं त लाजीन. माह्यासंगं येनं बंद करीन."

तिसऱ्या खेपेला भाऊजींनी हात टेकवला, डोळे मिटले. ताई खोकली नाही. भाऊजी तरी जरा वेळ वाट बघत राहिले, मग चाळीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असे ओरडले, "कोरडी!"

आता माझी नात त्याच भिंतीशी झोपते. भाऊजी तिला बघायला येतात, आधी भिंतीला हात लावतात, आणि डोळे मिटून, ताई खोकते का ते ऐकत उभे राहतात.