अर्जंटचे जादा पैसे

आमच्या भावकीत फिर्याद देताना एक रीत पाळतात. मारणारा एक असला तरी नावं त्या घरातल्या सगळ्या बाप्यांची घालायची. जामिनासाठी धावायला मागे कोणी उरता कामा नये, म्हणून. माझ्या वडिलांवर चुलत्याने अशा फिर्यादी केल्या, वडिलांनीही केल्या. कारण एकच, आमच्या आणि त्यांच्या भातखाचरांमधला बांध. दर उन्हाळ्यात चुलतभाऊ बांध नीट करायच्या नावाखाली टिकाव घेऊन यायचा आणि वीतभर आमच्या शेतात सरकवून जायचा. मग मी चिव्याच्या बांबूची काठी घेऊन जायचो. डोकी फुटायची, खालापूरच्या कोर्टात तारखा पडायच्या, शेवटी गावातले चार लोक बसवून मिटवायचे. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा टिकाव.

धाकट्या भावाला यातलं काही जमलं नाही. तो शिकला, कुंभिवलीजवळ हायवेवरच्या एका कारखान्यात वेल्डिंगला लागला. तिथल्या दोघाजणांचं दुबईचं जमलं, तसं यानेही मनात घेतलं. ही ऐंशीच्या आसपासची गोष्ट.

कर्जतला स्टेशनजवळ एका चहावाल्याच्या माडीवर एजंट बसायचा. पासपोर्टपासून विमानात बसवेपर्यंत सगळं तो करायचा. मी धाकट्याबरोबर गेलो. एजंट म्हणाला, साध्या रांगेत अर्ज टाकला तर दिवाळी उजाडेल. अर्जंटची जादा फी भरली तर पावसाच्या आत पोरगं तिकडे पोचेल.

मी विचारलं, एकाच कागदाचे दोनदा पैसे कसले?

"कागद तोच, दादा. रांग वेगळी."

मी त्याची कॉलर धरली. एसटीच्या रांगेत कोणी पुढे घुसला तर त्याचा दंड धरून खाली ओढणारा माणूस मी. पुढे घुसायचे पैसे मी देणार? टेबल आडवं झालं, चहा त्याच्या पांढऱ्या शर्टावर सांडला. धाकट्याने मला मागे ओढलं. कॉलर झटकत एजंट एवढंच म्हणाला, की राहा साध्या रांगेत, पण पोलीस चौकशी येईल. विमान उडेपर्यंत पोराच्या नावावर साधी तक्रारसुद्धा पडता कामा नये. पडली की सगळं बुडालं.

त्याच महिन्यात चुलतभाऊ टिकाव घेऊन बांधावर आला. मी काठी घेऊन गेलो. काठी उचलली तेवढ्यात धाकट्याने मागून माझं मनगट धरलं.

"दादा, तू त्याला मारशील आणि फिर्यादीत नाव माझंबी पडंल."

माझा हात तसाच वर राहिला. बापजन्मात तो असा रिकामा खाली आला नव्हता. चुलतभाऊ आधी चकित झाला, मग हसला. आठ दिवसांत त्याला कारण कळलं. आमच्या आईनेच विहिरीवर सांगितलं असणार, पोराचं कौतुक तिच्या पोटात राहायचं नाही. मग तो रोज यायला लागला. टिकावाच्या घावागणिक माझ्याकडे बघायचा.

"मार ना रं. मारलंस की तुज्या भावाचं दुबईचं इमान हितंच खाली उतरवतो."

दिवाळीपर्यंत हे ऐकायचं? मी घरी आलो. घराच्या दारासाठी सागाच्या फळ्या किती वर्षं राखून ठेवल्या होत्या. जुनं दार वाळवीने खाल्लं होतं, नवं करायचं होतं. त्या फळ्या बैलगाडीत घातल्या, खोपोलीत विकल्या आणि कर्जतला जाऊन अर्जंटचे पैसे टेबलावर ठेवले. मला बघून एजंटाने खुर्ची भिंतीपर्यंत मागे सरकवली. मी म्हटलं, घाबरू नको, आज मारायला आलो नाही, मारायचा दिवस जवळ आणायला आलोय. त्याला काही समजलं नाही. पैसे मात्र त्याने घेतले.

दाराच्या जागी मी कारवीच्या काड्यांची विणलेली झाप लावली. एका लाथेचं काम.

ती लाथ चैत्र सरता सरता पडली. दुपारची वेळ. चुलतभाऊ आणि त्याचे दोन मेव्हणे पिऊन आले. आदल्या दिवशी त्यांनी माझ्या बैलाच्या मांडीत कोयता घातला होता, मी गप्प राहिलो होतो. त्यांची भीड चेपली ती तिथेच. झाप तोडून ते आत आले. बायको आडवी गेली तर तिला केसाला धरून चुलीकडे भिरकावली. धाकटा कारखान्यात होता. तो नव्हता तेच बरं.

मी मधल्या मेढीला मिठी मारली. मेढ म्हणजे घराचं आढं पेलणारा लाकडी खांब. दोन्ही हात तिच्याभोवती घालून बोटांत बोटं अडकवली, कारण हात सुटले असते तर मी त्यातल्या एकाला तरी जिवंत सोडलं नसतं. ते टिकावाच्या दांड्याने मारत राहिले. पाठीवर, बरगडीवर. डाव्या हाताचं हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला, वाळकी फांदी मोडते तसा. तोंडात रक्त आलं, ते मी मेढीवरच थुंकलो. तो डाग बरीच वर्षं तिथे होता. मारून मारून ते दमले, मग गेले.

बायको म्हणाली, "अवं, एक तरी हाणायचा होता." तिच्या कपाळावर भाजलेलं होतं. मी म्हटलं, हाणणार हाय. थांब.

खोपोलीच्या डॉक्टरला मी सांगितलं, गाडीवरून पडलो. चारपाच दिवसांनी चौकशीला हवालदार आला. वयस्क माणूस, सायकल कुंपणाला टेकवून ओट्यावर बसला. धाकट्याची माहिती घेतली. मग माझं प्लास्टर, बायकोचं कपाळ आणि तुटलेली झाप, असं क्रमाने बघितलं आणि विचारलं, हे कसं झालं?

"गाडीवरून पडलो," मी म्हटलं.

"गाडी घरात शिरली होती वाटतं."

तक्रार नाही ना, असं त्याने दोनदा विचारलं. मी नाही म्हटलं. आमच्या घरातल्या माणसाने मार खाऊन तक्रार नाही म्हणण्याची ती पहिली वेळ आणि शेवटची. धाकट्याचा कागद स्वच्छ गेला.

पासपोर्ट आला, व्हिसा आला. ज्येष्ठात, आभाळ भरून यायच्या आधी, धाकटा सहारच्या विमानतळावर आत गेला. काचेपलीकडून त्याने हात केला. विमान उडाल्याचं तिथल्या शिपायाने सांगितलं, तेव्हाच मी निघालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चुलतभाऊ बांधावर होता. मी उजव्या हातात काठी घेऊन गेलो. डावा अजून झोळीत होता. त्याने मला येताना बघितलं, पण मी मारत नाही याची सवय झाली होती त्याला, तो हललाच नाही. पहिला फटका गुडघ्यावर. तो बसला. दुसरा त्याच गुडघ्यावर, मुद्दाम. मग खांद्यावर, पाठीवर, हातांवर. टिकाव त्याच्या हातातून सुटला तो मी लाथेने लांब उडवला. बैलाचे वेगळे हाणले, बायकोचे वेगळे. तो मातीत तोंड घालून ओरडायचा थांबला तेव्हाच मी थांबलो. मग टिकाव उचलून बांध जिथल्या तिथे आणला. एका हाताने. दुपार झाली. पोलीस आले तेव्हा मी काम संपवत होतो.

त्याने रीतीप्रमाणे फिर्याद दिली. मी मारलं आणि धाकट्याने त्याचे हात धरले, असं लिहून दिलं. धाकटा तेव्हा वाळवंटात लोखंड जोडत होता. हे ऐकून लॉकपमध्ये मी इतका हसलो की बरगड्या दुखल्या.

पण खटला खालापुरात लटकला तो लटकलाच. तारीख, पुढची तारीख. धाकट्याला कोणीतरी कळवलं की तुझं नाव फिर्यादीत आहे, आलास तर विमानतळावरच धरतील. तो सुट्टीला आला नाही. दुसऱ्या वर्षीही नाही. आई रोज संध्याकाळी विचारायची, आज त्याची गाडी हाय काय रं? त्या दुसऱ्या वर्षाच्या पावसात ती गेली. अग्नी मी दिला.

शेवटी वकिलाने धाकट्याच्या पासपोर्टची नक्कल कोर्टात ठेवली. त्यावरच्या शिक्क्याची तारीख मारामारीच्या आदल्या दिवसाची. वकिलाने चुलतभावाला विचारलं, तुझे हात कोणी धरले? तो म्हणाला, याच्या भावानेच. तेवढ्यावर त्याचं सगळंच खोटं ठरलं. मी सुटलो. मला उभं राहून सांगायचं होतं, की मारलं ते मीच, एकट्याने, एका हाताने. वकिलाने सदरा ओढून खाली बसवलं. मग मी ते बाहेर पायरीवर चुलतभावाला सांगितलं. तो काठी टेकत उतरत होता.

धाकटा त्यानंतर आला. नव्या दाराचे पैसे आणले होते. आईच्या फोटोपुढे बसला, बराच वेळ बसला.

"दादा, चार महिने तू मेढ धरून राहिलास. अजून दोन वरसं धरली असतीस तर मला आय भेटली असती."

मी म्हटलं, मी विमान उडेपर्यंतचं कबूल केलं होतं.

उरलेली सुट्टी तो माझ्याशी फार बोलला नाही, आणि मी आपण होऊन बोलायला गेलो नाही. त्याच्या पैशाचं सागाचं दार बसवलं. ते अजून आहे. माझा डावा हात पावसाळ्यात दुखतो, चुलतभावाचा गुडघाही दुखत असणार. बांध वडिलांच्या वेळी होता तिथेच आहे. ज्याला शंका असेल त्याने येऊन मोजावा.